घरोघरच्या फळ्या

"माझ्या चुका काढून दमली असशील, आता जरा नदीच्या काढ," असं म्हणून आमच्या ह्यांनी मला मोबाइलवरचा एक मेसेज दाखवला. नेरूळच्या एका कॉलेजात रविवारी मीटिंग होती. आपल्या भागातल्या नद्या कुठे कुठे अडवल्यात, मग ते धरण असो, बंधारा असो, मोडकी भिंत असो की पाइप टाकून केलेला रस्ता, त्या सगळ्यांचा नकाशा करायचाय, स्वयंसेवक हवेत, येताना पाण्याची बाटली आणा. मला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि सकाळी दहानंतर घरात काय करावं ते कळत नव्हतं. ह्यांची अवस्था त्याहून वाईट होती, कारण दहानंतर मी त्यांच्याच मागे असायचे.

नोकरीत मी नकाशेच गिरवले. एका ऑफिसच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये ट्रेसर होते. वरच्यांनी पेन्सिलीने काढलेलं ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचं, एवढंच काम. रस्ते, गटारं, नाले, प्लॉट. शाईचा थेंब पडला तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचा, कागद फाटता कामा नये. माझं एकही शीट लाल शाई लागून परत आलं नाही, आणि हे मी भेटेल त्याला सांगत असे. पुढे कॉम्प्युटर आला, मी तेही शिकले, पण नजर तीच राहिली. रेघ वाकडी दिसली की माझं डोकं फिरतं. सोसायटीच्या पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून मी सेक्रेटरीशी दोनदा भांडले आहे आणि दोन्ही वेळा पट्टे पुन्हा मारून घेतले आहेत.

तर गेले मीटिंगला. आमची म्होरकी म्हणजे त्याच कॉलेजात शिकवणारी एक मुलगी. मुलगी म्हणते, पण असेल पस्तिशीची. तिने काही भाषण ठोकलं नाही. साधं सांगितलं, की खाडीतले कितीतरी मासे पावसाळ्यात नदीने वर चढतात, वर अंडी घालतात. वाटेत गुडघाभर उंचीची भिंत आली तरी पुष्कळांचा प्रवास तिथे संपतो. भिंत कुणाच्या कामाची असेल तर आपण हात लावायचा नाही. पण कितीतरी भिंती अशा आहेत की कुणी बांधल्या, कशाला बांधल्या, ते आता कुणालाच माहीत नाही. त्या शोधायच्या, यादी करायची आणि काढून टाका म्हणून नद्यांचं काम बघणाऱ्या सरकारी ऑफिसला द्यायची. मला ते तिथल्या तिथे पटलं. कुणाच्याच उपयोगाची नाही आणि वाट मात्र अडवून बसली आहे, अशी वस्तू मला घरातही खपत नाही.

पहिलं काम घरी बसून, उंटावरून शेळ्या हाकायचं. उपग्रहाचं चित्र कॉम्प्युटरवर मोठं करायचं आणि डोंगरापासून खाडीपर्यंत नदीवरून बोटाबोटाने सरकायचं. नदी स्वतःहून कधी सरळ रेघ ओढत नाही. पाण्यात आडवी सरळ रेघ दिसली की समजायचं, इथे माणसाचा हात लागला आहे. तिथे लाल ठिपका. आमच्यातल्या पोरापोरींना एकेका नदीला आठवडा लागायचा, मी दोन दिवसांत उरकायचे. म्होरकी म्हणाली, "काकू, तुमची नजर म्हणजे काय आहे हो!" मी तोंडदेखलं 'छे गं' म्हटलं, पण घरी येऊन ह्यांना तीनदा सांगितलं.

दुसरं काम जागेवर जाऊन करायचं. ह्यांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून एक पोकळ पाइप कापून आणला, त्यावर मी वीतभर अंतराने लाल-पांढरे पट्टे रंगवले. तो पाण्यात उभा धरायचा आणि फोटो काढायचा, म्हणजे भिंतीची उंची कळते. हे स्कूटर चालवणार, मी मागे पाइप धरून बसणार. एकदा हायवेच्या तोंडावर ट्रॅफिक पोलिसाने थांबवून विचारलं, "काकू, झेंडा कुठे रोवायला चाललात?" मी त्याला अर्धा तास मासे समजावून सांगितले. शेवटी त्यानेच हात जोडले आणि आम्हाला सोडलं.

प्रत्येक ठिपक्याचा एक फॉर्म असायचा. उंची, रुंदी, खालच्या पाण्याची खोली. मग दोन चौकटी, एक 'वापरात' आणि एक 'निकामी'. त्याखाली एक ओळ, 'स्थानिकांकडे चौकशी केली का?' त्या ओळीत मी दर वेळी 'आवश्यक नाही' लिहायचे. हो, लिहायचे. म्होरकीने एकदा विचारलंही होतं, "काकू, कुणाला विचारलं नाहीत का?" मी ठसक्यात सांगितलं, "हातच्या काकणाला आरसा कशाला?" माझं मत असं होतं की माणसं आपल्या सोयीचं सांगतात, दगड जे आहे तेच दाखवतो. तिने मान हलवली आणि वाद घातला नाही. घालायला हवा होता, असं आता वाटतं, पण माझ्याशी वाद घालायला कोण धजावतं!

सतरा नंबरचा ठिपका खांदेश्वरच्या पलीकडे होता. एका बाजूला नवे टॉवर, दुसऱ्या बाजूला जुनं गाव, त्यापलीकडे थोडी उरलेली शेतं, आणि मधून नदी. आम्ही गेलो ते गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात. गढूळ पाणी जोरात वाहत होतं. पात्रात दगड-सिमेंटचे आठ खांब उभे होते आणि प्रत्येक खांबाला बाजूने उभ्या खाचा होत्या. अशा खाचांत फळ्या सरकवून पाणी अडवतात, एवढं मला वाचून ठाऊक होतं. पण फळी एक नव्हती. खांबांना प्लास्टिकच्या पिशव्या लटकलेल्या, एका खांबाला कुणाची तरी गादी अडकलेली, आणि दोन खांबांत पायाचे दगड वर आलेले, त्यावरून पाणी धबाधब पडत होतं. काठावर एक माणूस म्हैस धूत होता. हे म्हणाले, "त्याला विचारू का?" मी म्हटलं, "विचारायचंय काय त्यात? दिसतंय ना धडधडीत!" आणि फॉर्मवर लिहिलं, फळ्या नाहीत, खाचा रिकाम्या, बऱ्याच वर्षांत वापर नसावा, निकामी, काढण्यास हरकत नाही. खाली वळणदार अक्षरात सही.

दिवाळीच्या आधी यादी गेली. दोन वर्षांची आमची पायपीट त्या कागदांत होती. काढून टाकाव्यात अशा सात जागा त्यात होत्या आणि त्यांतल्या चार माझ्या. ऑफिसातले साहेब म्हणाले, एवढी नीट यादी आम्हाला कुणी दिली नव्हती. म्होरकीने पेढे वाटले. मला इतका आनंद झाला होता की मी त्या सेक्रेटरीलाही एक पेढा दिला.

तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर एका शुक्रवारी मी खांदेश्वरला माझ्या बहिणीकडे गेले होते. परतताना स्टेशनबाहेर एक भाजीवाली बसली होती. लुगडं आगरी पद्धतीने नेसलेलं, पुढ्यात लाल माठाच्या आणि मुळ्याच्या जुड्या. पाला जरा मलूल होता. मी म्हटलं, "मावशी, ह्या जुडीचे एवढे पैसे? बघा तरी कशी झालीय."

"मावशी कोनाला बोलतंस? तुजे केस माज्याहून पांढरे हाईत," ती म्हणाली, आणि शेजारच्या दोघी फिदीफिदी हसल्या. "पानी वाईच कमी परलाय आता. अष्टमीला बांद घातला का मंग ये. मंग बग माज माठ कसा होतो त्यो."

"कसला बांध?" मी सहज विचारलं. आता नकाशाचं वेड लागलेल्या माणसाला बांध म्हटल्यावर गप्प बसवतं का?

तिने हाताने दाखवलं. त्या टॉवरच्या मागे, गावाच्या अंगाला, नदीत. आठ खांब हाईत. माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. मी मोबाइल काढून माझा सतरा नंबरचा फोटो तिच्यापुढे धरला. तिने फोन लांब धरून डोळे बारीक केले.

"हां, ह्योच. पन ह्यो फोटू पावसातला हाय."

"मग फळ्या कुठायत?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पावसात फल्या कोन ठेवल गं बाय? पुरात बांदच जाईल ना अख्खा! फल्या घरी असतात."

"कुणाच्या घरी?"

"सगल्यांच्या."

मी तिची सगळी भाजी घेऊन टाकली, पाटी तिच्या डोक्यावर, चार पिशव्या माझ्या हातात, आणि तिच्याबरोबर गावात गेले. घरात शिरल्या शिरल्या तिने बोट दाखवलं. पाण्याच्या हंड्यांखाली जी फळी होती ती बांधाची फळी. जाड, काळी, हाताला तेलकट, आणि एका टोकाला तापल्या लोखंडाने डागून काढलेला विळा. ती त्यांच्या घराची खूण. शेजारच्या घरी ओट्यावर बाकडं म्हणून टाकलेल्या फळीवर मासा होता. कोपऱ्यावरच्या दुकानात बरण्या मांडल्या होत्या त्या फळीवर होडी होती. आठ खांबांत सात गाळे, गाळ्याला फळ्यांच्या दोन रांगा, रांगेत चार फळ्या, म्हणजे छप्पन फळ्या. घरागणिक वाटून दिलेल्या, कुणाकडे एक, कुणाकडे दोन. भात कापून झालं की अष्टमीला सगळ्यांनी आपापली फळी घेऊन नदीवर जायचं, दोन रांगांच्या मधे चिखल ठासायचा, की बांध तयार. पाऊस तोंडावर आला की काढायच्या आणि घरी न्यायच्या. एका जागी ठेवल्या तर कुणीतरी सरपणाला नेईल, म्हणून कुणा शहाण्या पूर्वजाने ही युक्ती काढलेली. जी माणसं आता टॉवरात राहायला गेली, त्यांनीही फळ्या लिफ्टमधून वर नेल्या. ती मला समोरच्या सातव्या मजल्यावर तिच्या पुतणीकडे घेऊन गेली. गॅलरीत फळीवर तुळस, मोगरा आणि वॉशिंग मशीनचा साबण ठेवला होता.

"आनि ह्यो बांद नुसता माज्या माठाला नाय," खाली उतरताना ती म्हणाली. "खारीचं पानी भरतीला वर चरतं. बांद नसला का ता सरल गावापरत येतं आनि पानी भरायची बाव खारी होते. नलाला पानी एक दिस येतं, एक दिस नाय. एक वरीस बांद घालाला उशीर झालता. बावीचा पानी तोंडात धरवत नवता. ढोरांनी सुदिक तोंड फिरवला."

मी तिला सांगितलं. आत्ता नाही सांगितलं तर पुढे सांगवणार नाही, हे मला माहीत होतं. म्हटलं, तुमचा बांध निकामी आहे असं मी लिहून दिलंय. तो तोडायच्या यादीत आहे. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "असा कसा लिवलास? कोनाला तरी इचारायचा ना गं."

रिक्षातूनच मी म्होरकीला फोन लावला. ती म्हणाली, "काकू, ऑफिसचा कालच फोन आला होता. पहिलं काम सतरा नंबरपासूनच. रस्त्याला लागून आहे, जेसीबी आत जायला सोपं. पुढच्या पंधरवड्यात सुरू करतायत." पुढे म्हणाली, "आणि आता एक नोंद चुकली म्हटलं, तर ते सगळीच यादी बाजूला ठेवतील. स्वयंसेवकांची यादी, तिच्यावर काय भरवसा, असं म्हणणारे तिथे पुष्कळ आहेत." मला एका शब्दाने बोलली नाही ती. त्याचाच मला राग आला. माझ्याजागी दुसरं कुणी असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं आता टोमणा येणार, वर्षानुवर्षांची परतफेड होणार. पण ह्यांनी चहा केला, समोर ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या बाकीच्या तीन जागा आहेत ना, त्या उद्या आपण विचारून येऊ. म्हैसवाल्याला, गुराख्याला, दिसेल त्याला." दोन दिवस आम्ही तेवढंच केलं. म्होरकीने बाकीच्या पोरांना त्यांच्या तीन जागांवर पिटाळलं. त्या सहाही जागा खरोखरच निकामी निघाल्या. दर ठिकाणी दोन-दोन माणसांच्या सह्या आणल्या, एका म्हातारबुवांनी अंगठा दिला. म्होरकीने उपग्रहाची जुनी चित्रं उघडली, तर जानेवारीच्या एका चित्रात आठ खांबांच्या मागे रुंद, संथ पाणी चकचकत होतं. माझी एवढी कौतुकाची नजर, पण ते चित्र उघडायचे कष्ट मी घेतले नव्हते.

सोमवारी मी आणि म्होरकी ऑफिसात गेलो. साहेबांनी चित्र बघितलं, बाजूला ठेवलं. "भरतीचं पाणीही असं दिसतं, मॅडम. तुमच्याच फोटोत फळ्या नाहीत, तुमच्याच सहीने निकामी लिहिलंय. आता जेसीबी येणार म्हटल्यावर गाव म्हणतं आमचं आहे. सगळीकडे असंच होतं." त्यांचं काही चूक नव्हतं. त्यांच्या खुर्चीत मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, फक्त जरा मोठ्या आवाजात.

"मग प्रत्यक्ष बघायला या," मी म्हटलं. "अष्टमीला फळ्या घालतायत."

"कधी आहे?"

"या रविवारी."

"रविवारी मी येत नाही. त्यांना बुधवारी घालायला सांगा, मी बुधवारी येतो."

झालं! माझा पारा चढला. म्होरकीने टेबलाखालून माझा हात दाबला, पण उशीर झाला होता. "साहेब," मी म्हटलं, "अष्टमीच्या आसपास भरती कमी असते, म्हणून ते अष्टमी धरतात. उधाणात फळ्या घालून बघा, चिखल धरणार नाही. तुम्हाला रविवार असतो, खाडीला नसतो. तिला सांगू का, की बुधवारी कमी भर म्हणून?" सगळं ऑफिस मान वर करून बघायला लागलं. साहेब माझ्याकडे बघत राहिले आणि मग एकदम हसले. म्हणाले, "तुम्ही नोकरीत असताना तुमचे साहेब कसे निभावले हो?" आणि डायरीत रविवार लिहून घेतला.

त्या रविवारी आम्ही पहाटे निघालो आणि उजाडायच्या आत नदीवर होतो. ओहोटी होती, पाणी खांबांच्या पायाशी उतरलं होतं. गावातले आठ-दहा पुरुष चिखल कालवत होते. फळ्या मोजल्या तर जेमतेम पंधरा. टॉवरातली माणसं, रविवार सकाळ, कोण उठतंय! आणि नेमके त्याच वेळी साहेब गाडीतून उतरले, पायात पांढरेशुभ्र बूट. त्यांनी पंधरा फळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जरा थांबा." भाजीवाली माझ्या शेजारी उभी होती. तिला अजिबात चिंता नव्हती. "येतील," ती म्हणाली. "आदी चा पितील, मंग येतील."

आणि आली की हो! आधी दुकानदार बरण्या उतरवून होडीची फळी घेऊन आला. मग एका रिक्षातून आडव्या घातलेल्या दोन फळ्या आल्या, दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. एक जण बायकोला मागे बसवून मोटरसायकलवर आला, फळी तिच्या मांडीवर. दोन नातवंडांनी आजोबांची फळी मधे धरून आणली आणि आजोबा मागून मोकळ्या हाताने रुबाबात आले. सातव्या मजल्यावरची पुतणी आली, तिच्या फळीवर तुळशीच्या कुंडीचा गोल डाग होता. कुणी नेरूळहून आलं, कुणी पनवेलहून. कुणी कुणाला फोन केला नव्हता, ग्रुपवर मेसेज नव्हता. मी ज्या शहरात तीस वर्षांवर रस्ते आणि प्लॉट गिरवले, त्या शहरात अशी एक यादी लोकांच्या डोक्यात चालू होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. मला रडू आलं. लपवायचं काय त्यात, आलं.

साहेब कधी पाण्यात उतरले ते मला कळलंच नाही. बूट काठावर होते आणि ते खांबांमधून फळ्या मोजत होते, त्यांवरच्या खुणा बघत होते. छप्पन भरल्या. चिखलाच्या टोपल्या हातोहात जायला लागल्या, तशी मी पदर खोचून रांगेत शिरले. हे होतेच. म्होरकी होती. दोन फळ्यांच्या मधे चिखल ओतायचा, पायाने तुडवायचा, पुन्हा ओतायचा. खालच्या अंगाला झिरपणारं पाणी बारीक होत चाललं आणि वरच्या अंगाला ते हळूहळू फळ्यांवर चढायला लागलं.

साहेबांनी गाडीतून फाइल मागवली. काठावरच उभं राहून सगळ्यांच्या देखत विचारलं, "ही निकामीची नोंद कुणी केली होती?"

म्होरकी पटकन म्हणाली, "टीमची चूक आहे, सर."

"टीमची नाही," मी म्हटलं. "टीमची एकही नोंद चुकलेली नाही. बाकीच्या सहाही जागा आम्ही लोकांना विचारून पुन्हा तपासल्यात, सह्या जोडल्यात. ही एकच चुकली आणि ती माझी आहे. मी चुकले. मी कुणाला विचारलं नाही." गुडघ्याइतक्या चिखलात उभं राहून मी हे बोलले. ह्यांच्या हातातली टोपली तशीच राहिली. लग्नाला सदतीस वर्षं झाली, त्यांनी हे शब्द पहिल्यांदा ऐकले.

साहेबांनी 'निकामी' खोडलं आणि 'वापरात'वर खूण करायला गेले. मी ओरडले, "थांबा, ते नको! तसं लिहिलंत तर बाराही महिने नदी अडवतो असं होईल. पावसात तो सताड उघडा असतो, मासे हवे तेवढे वर जातात. तुम्ही-आम्ही कागदावर आज जे मागतोय ते हे लोक कधीपासून करतायत. 'हंगामी' लिहा." साहेब म्हणाले, अशी चौकट फॉर्मवर नाही. म्होरकी म्हणाली, "आजपासून आहे, सर. मी घालते." त्यांनी दोन चौकटींच्या शेजारी पेनाने तिसरी काढली. वाकडी काढली, तरी मी एक अक्षर बोलले नाही. त्यात हंगामी लिहिलं, खाली सही केली आणि जेसीबीवाल्याला तिथूनच फोन केला, की सतरा नंबर रद्द, बाकीच्या सहांपासून सुरू करा.

गावाने टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून उभी होते, कारण आता कुणीतरी मला सुनावणार अशी माझी खात्री होती आणि मी ते ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. भाजीवाली चिखल तुडवत माझ्यापर्यंत आली. कमरेवर हात ठेवून तिने साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माज्या सासऱ्याच्या आदीपासून बांद घालतोय आमी," ती म्हणाली. "एक सायेब कवा बगाला आला नाय. तू चुकलीस म्हनून आला."

सगळे हसले, साहेबसुद्धा. मीही हसले, पण माझ्या मनातून ते वाक्य हलेना. सगळ्या नोकरीत मी बिनचूक शीटं दिली. ती गुंडाळून कपाटात गेली, कधी कुणी बघायला आलं नाही. हे एक चुकलं, तर गाव, साहेब, पोरं, नवरा, सगळे माझ्या बाजूला चिखलात उभे होते. इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता. "बाय, बगत काय उभी ऱ्हयलीस, शेवटचा गाला रायलाय," ती म्हणाली आणि भरलेली टोपली माझ्या हातात दिली.